खातं पोराचं, पैसा कोणाचा?

आईबाबांनो, आज मार्कांबद्दल किंवा पोलीस भरतीच्या धावण्याबद्दल काही बोलत नाही. एक साधा प्रश्न विचारते. घरातल्या बाईचं बँकेत जे खातं आहे, ज्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, तेंदूपत्त्याचा बोनस येतो, त्या खात्याला मोबाईल नंबर कोणाचा जोडलेला आहे?

सिंदेवाहीत आणि भोवतालच्या गावांत बहुतेक घरांतून उत्तर येईल, पोराचा. 2024 च्या पावसाळ्यात, रोवणीच्या ऐन घाईत बायांनी बँकांसमोर रांगा लावल्या, खाती उघडली, आधार जोडलं. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता त्यांनी मुलाचा नंबर लिहून दिला. त्यात गैर काहीच नाही. पण तेव्हापासून ओटीपी पोराच्या फोनवर येतो, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात राहतं आणि शिल्लक किती आहे हेही तोच सांगतो. खातं मायच्या नावाचं, कारभार पोराचा.

इंटरनेटवरच्या फसवणुकीबद्दल आपण आजवर जे ऐकलं ते सगळं एका बाजूचं आहे. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सूचना तर फोन लावला की आधी वाजायची, लहान पोरांनाही ती पाठ झाली होती. त्या सगळ्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की आपण आणि आपली लेकरं फसणाऱ्यांत आहोत. मला आज दुसऱ्या बाजूबद्दल बोलायचं आहे. आपलं पोरगं फसवणाऱ्यांच्या कामाला लागलं असेल तर? आणि आपण कोणाच्या कामाला लागलो आहोत हे त्याला स्वतःलाच धड कळलेलं नसेल तर?

सुरुवात फार गोड असते. ओळखीचाच कोणी, दोन-चार वर्षांनी मोठा, नागपूर-रायपूरकडे ये-जा असलेला मित्र विचारतो, "तुझं खातं रिकामंच पडून आहे ना? एका सेठला टॅक्स वाचवायला खाती लागतात. महिनाभर दे, पाच हजार मिळतील." कधी गेमिंग कंपनीचं नाव सांगतात, कधी क्रिप्टोचं, कधी कुठल्याशा ट्रस्टच्या देणग्यांचं. मागणी मात्र ठरलेली असते. पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड, त्याचा पिन आणि खात्याला जोडलेलं सिम. या सगळ्या संचाला त्या धंद्यात 'किट' म्हणतात. पोरगं विचार करतं, आपल्या खात्यात तसेही दोनशे रुपये आहेत, जाणार काय?

जाणार काय ते समजून घ्यायचं तर दुसऱ्या टोकाला काय चाललेलं असतं ते पाहावं लागेल. दक्षिण मुंबईतल्या 86 वर्षांच्या एका आजीबाईंना डिसेंबर 2024 मध्ये फोन आला. पलीकडचा माणूस पोलीस म्हणवत होता. तुमच्या आधार कार्डावर गैरव्यवहार झाला आहे, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, कोणाला सांगितलं तर घरच्यांनाही उचलू. दोन महिन्यांहून जास्त काळ त्या बाईंना त्यांच्याच घरात असं धाकात ठेवलं आणि 20 कोटींहून जास्त रक्कम वेगवेगळ्या खात्यांत भरायला लावली. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात एखादा पोट्टा रात्रभर पोलिसाची वर्दी घालून मंचावर उभा राहतो, पण तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला ते सोंग आहे हे ठाऊक असतं आणि पहाटे तो रंग पुसून घरी जातो. इथे सोंग आहे हे समोरच्या म्हाताऱ्या माणसालाच तेवढं ठाऊक नसतं.

आता नीट ऐका. पैसे गेले ते हवेत गेले नाहीत. कोणाच्या तरी नावाच्या खात्यांत गेले. पोलिसांनी या प्रकरणात सुरुवातीलाच ज्यांना पकडलं त्यांत मालाडचा अवघ्या 20 वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या खात्यात जवळपास पाच लाख रुपये आले होते. वीस कोटींतले पाच लाख, आणि तेसुद्धा त्याच्याकडे राहायला आलेले नव्हते, पुढे सरकायला आलेले होते.

हा धंदा चालतोच असा. पैसा पहिल्या खात्यात येतो, तिथून काही मिनिटांत आठ-दहा खात्यांत फुटतो, तिथून आणखी खाली. शेवटी कोणी एटीएमवर उभं राहून नोटा काढतं किंवा त्याचं क्रिप्टो होऊन तो देशाबाहेर जातो. फोन करणारा कंबोडियात बसलेला असू शकतो, त्याचा मालक आणखी कुठे. त्यांचं खरं नाव कोणालाच माहीत नसतं. या साखळीत खऱ्या नावाचा, खऱ्या आधार क्रमांकाचा आणि खऱ्या पत्त्याचा माणूस एकच असतो, खातेदार. पोलिसांना पत्ता सापडतो तो त्याचा.

अशी खाती किती आहेत? 2025 च्या जूनमध्ये सीबीआयने पाच राज्यांत छापे घातले तेव्हा 700 हून अधिक बँक शाखांत मिळून साडेआठ लाखांच्या आसपास अशी खाती असल्याचं सांगितलं. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे देशातल्या लोकांनी 2023 मध्ये सायबर फसवणुकीत 7,465 कोटी रुपये गमावले, 2024 मध्ये 22,845 कोटी. एवढा पैसा वाहून न्यायला पाट लागतात, आणि ते आपल्यासारख्यांच्या पासबुकांतून जातात. 2025 च्या फेब्रुवारीत आपल्याच चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या 33 ग्राहकांचे सुमारे पावणेचार कोटी रुपये भलत्याच खात्यांत वळवले गेले, ते आठवत असेल. तेव्हा आपण चोराला शिव्या घातल्या. ती भलती खातीही कोणाच्या तरी नावाची असणार, आणि त्या नावामागेही कुठलं तरी घर असणार, हे आपल्या डोक्यात आलं नाही.

शेवटी पकडलं कोण जातं हे समजायला पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. 2018 च्या ऑगस्टमध्ये, 11 आणि 13 तारखेला, बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी 94 कोटींहून जास्त रक्कम पळवली. बनावट कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. आपल्याकडेही, कोल्हापूरसह काही शहरांत, भाड्याची माणसं हातात कार्डांचे गठ्ठे घेऊन एटीएमसमोर उभी होती. त्या एटीएमवर कॅमेरे होते. 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. ते सगळे पैसे काढणारे, कार्ड पोचवणारे, त्यांना जमवणारे होते. ज्यांच्या डोक्यातून ही चोरी निघाली ते देशाबाहेरच राहिले.

मीरा रोडचंही तसंच. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरवर छापे घातले. बारावी झालेली, पदवी घेतलेली, इंग्रजी फाडफाड बोलायला शिकलेली पोरं रात्रपाळीत अमेरिकेत फोन लावत आणि आम्ही तिथल्या आयकर खात्यातून बोलतो आहोत, पैसे भरा नाहीतर अटक, असं सांगत. त्या रात्री सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं, सत्तर जणांना अटक झाली. बातमी फुटली तेव्हा म्होरक्या सागर ठक्कर दुबईला निसटलेला होता, तो हाती लागला 2017 च्या एप्रिलमध्ये. विराट कोहलीची जुनी ऑडी गाडी त्याने अडीच कोटींना घेतल्याचं तपासात निघालं. पगारावर फोन लावणाऱ्या पोरांच्या घरी त्या सकाळी कोणती गाडी उभी असेल, याची कल्पना करा.

ही काही आपल्याच देशाची गोष्ट नाही. नायजेरियात अशा पोरांना 'याहू बॉइज' म्हणतात. बेकारी भयंकर, शिकून हाताला काम नाही, आणि इन्स्टाग्रामवर मात्र महागड्या गाड्यांपुढे उभे राहणारे देव. त्यातला सगळ्यात मोठा देव म्हणजे हशपपी. खरं नाव रेमन अब्बास. दुबईत राहायचा, लाखो पोरं त्याचे फोटो पाहायची. 2020 च्या जूनमध्ये तो दुबईत पकडला गेला आणि 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने त्याला अकरा वर्षांहून जास्त कैद दिली. 2024 च्या डिसेंबरमध्ये लागोसमध्ये एका इमारतीवर छापा पडला तर एकदम 792 जण सापडले. त्यांत 148 चिनी होते आणि स्थानिक पोरं त्यांच्याकडे कामाला लावलेली होती. वाचताना मला मीरा रोडच आठवलं. आणि नायजेरियात आया-बापांनाही सोडलेलं नाही. मुलाच्या लुटीचा पैसा आपल्या खात्यात फिरवू दिला म्हणून आईलाही शिक्षा झाल्याची प्रकरणं आहेत.

नायजेरियातल्या प्रामाणिक पोरांचं काय झालं, हे तर आपल्याकडे कोणी सांगतच नाही. तिथल्या लोकांना पेपॅलवर बाहेरून पैसे स्वीकारायची सोयच कित्येक वर्षं बंद राहिली. घरी बसून कोणी चांगलं सॉफ्टवेअर लिहिलं, चित्रं काढली, तरी त्याचे पैसे त्याला सरळ मिळेनात. थोड्यांनी केलं, सगळ्यांनी भोगलं. आपल्या देशात फोनवरच्या फसवणुकीपायी जामताऱ्याचंही नाव असंच झालं. तो झारखंडमधला एक जिल्हा आहे, तिथे शेतकरी आहेत, शाळा आहेत, पण आता नाव काढलं की ऐकणारा हसतो. सिंदेवाहीचं नाव आज लोक धानासाठी आणि वाघासाठी घेतात. ते तसंच राहावं.

एक प्रकार याहून वाईट आहे, तो थोडक्यात सांगते. 'थायलंडमध्ये डाटा एन्ट्री, पगार सत्तर हजार, तिकीट कंपनीचं' असा मेसेज पोराला आला आणि घरात पेढे वाटायची तयारी झाली, तर जरा थांबा. बँकॉकला उतरवून पोरांना सीमेवरच्या माए सोतला नेतात, तिथून नदीपार म्यानमारच्या म्यावाडीत. पासपोर्ट काढून घेतात आणि बाईच्या नावाने खोटी प्रोफाइल करून माणसांना लुबाडायला बसवतात. नकार दिला तर मार, सुटायचं तर खंडणी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2023 मध्ये अशा अड्ड्यांत डांबलेल्यांचा आकडा म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख सांगितला. 2025 च्या मार्चमध्ये आपल्या सरकारने हवाई दलाची विमानं पाठवून दोन दिवसांत 549 भारतीयांना परत आणलं. परदेशी नोकरी देणारा दलाल सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पोराला विमानात बसवू नका.

आता आपल्या घराकडे येते. किट दिलं, पाच हजार मिळाले, त्याचा मोबाईल आला. काही आठवड्यांनी हैदराबादच्या कोणी 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली की खातं गोठतं. तुमच्या पोराने आईचंच खातं दिलं असेल तर दीड हजारही तिथेच अडकले, किसान सन्मानचे दोन हजारही, धानाचा आणि तेंदूपत्त्याचा बोनसही. तेंदूपत्त्याचा पैसा काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्याच्या उन्हात पहाटे जंगलात शिरून पानं तोडायची, घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. 10 मे 2025 ला आपल्याच तालुक्यात मेंढा-मालच्या जंगलात पानं तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या जंगलातून आलेला पैसा ज्या खात्यात पडतो ते खातं एखाद्या अनोळखी चोराला पाच हजारांत भाड्याने द्यायचं? मला राग येतो तो इथे येतो.

मग नोटीस येते. ती सिंदेवाहीच्या ठाण्याची नसते, तेलंगणाची किंवा कर्नाटकाची असते. हजर राहायला जायचं, वकील करायचा, पुन्हा जायचं. भारतीय न्याय संहितेत अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी खाली तीन वर्षांपर्यंत, आणि संघटित गुन्हा ठरला तर किमानच पाच वर्षांपासून सुरू होते. 'मला माहीत नव्हतं' हे सांगता येतं, पण खात्याचं भाडं घेतलेलं असलं की ते पटवणं कठीण जातं.

शिक्षा न होताही नुकसान होतंच. आपल्याकडची पोरं पहाटे पाचला कशासाठी धावतात? पोलीस भरती, वनरक्षक, सैन्य. लेखी निघाली, मैदानी निघाली, यादीत नाव आलं, की चारित्र्य पडताळणी येते. तिथे फसवणुकीच्या गुन्ह्याची नोंद निघाली की चार वर्षांची धाव तिथेच थांबू शकते. शेतीला जोडून सरकारी नोकरी हेच ज्या भागातलं मोठं स्वप्न, तिथे पाच हजारांसाठी हे पणाला लावणं शुद्ध वेडेपणा आहे.

तुमच्यातले काही म्हणतील, बाई, प्रामाणिक राहून तरी काय मिळालं? हा प्रश्न खोटा नाही आणि मी त्याला गोड उत्तर देणार नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला माहीत आहेत. तिसरीपर्यंत शिकलेले. 1983 च्या सुमारास आपल्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या वेगळ्या जपल्या, वर्षामागून वर्षं निवडत नेल्या आणि एचएमटी तांदूळ उभा केला. पुढे 1998 मध्ये कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून वाण प्रसारित केला. दादाजींना पुरस्कार मिळाले, पैसा फारसा मिळाला नाही. 3 जून 2018 ला ते गेले तेव्हा घरची परिस्थिती ओढाताणीचीच होती. म्हणजे चांगल्या कामाचं फळ मिळतंच असं मी म्हणत नाही. व्यवस्थेने दादाजींना द्यायला हवं होतं ते दिलं नाही, ही आपल्या सगळ्यांना बोचणारी गोष्ट आहे. पण त्यांच्या घरी कोणाच्या आजीचे लुटलेले पैसे नव्हते, आणि त्यांनी निवडलेल्या दाण्याचा भात आजही आपण खातो.

पोराला फोन चांगला हाताळता येतो, हे कौतुकाचंच आहे. आयटीआयमध्ये संगणकाचा ट्रेड आहे का ते विचारा, सीएससी केंद्र चालवणाऱ्याच्या हाताखाली बसवा. पहिल्या महिन्यात त्याला पाच हजार मिळणार नाहीत. मिळतील ते कमीच. ते कमी पैसे घेऊन तो घरी येईल तेव्हा त्याला शेजारच्या पोराची नवी बाईक दाखवू नका. ही सवय आपल्यालाच आहे. 'बघ, तो तुझ्याबरोबरचा, किती पुढे गेला' हे वाक्य जेवताना, मंडईत, लग्नात आपण किती सहज बोलतो! त्याची बाईक कुठून आली ते मात्र त्या बापाने विचारलेलं नसतं, आणि आपणही विचारत नाही. दिवाळीला पोराने अचानक टीव्ही आणला, आईला साडी आणली, तर आनंद मागाहून करा. आधी विचारा, कुठून आणलं, कोणी दिलं, कशाचे पैसे. पोरगं चिडेल. चिडू द्या.

या आठवड्यात दोन कामं करा. घरातल्या प्रत्येक खात्याचं पासबुक बँकेत भरून आणा आणि बसून ओळ न् ओळ वाचा. अनोळखी नावाने पंचवीस हजार आले आणि त्याच दिवशी गेले, अशी एकही नोंद दिसली तर सोडू नका. दुसरं, संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. पोरालाच दाखवायला सांगा. सांगताना त्याचा चेहरा बघा.

आणि खातं दिलेलं निघालं तर? मारू नका, घराबाहेर काढू नका, आणि प्रकरण दाबूही नका. त्याच दिवशी बँकेत जाऊन कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खात्यात आलेले पैसे काढू नका आणि 'परत पाठव' म्हणणाऱ्याला पाठवूही नका. मित्राबरोबरचे मेसेज पुसायला पोराला देऊ नका, तोच त्याच्या बाजूचा पुरावा आहे. मग त्याला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा. नोटीस यायच्या आधी जा. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आई आणि बाप दोघंही बसा.